पिशवी काढण्याआधी हार्मोनची गोष्ट समजून घेऊ



गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी वाचताना "दवाखान्यासाठी" हे कारण आपण नेहमी ऐकतो. त्यातल्या काही मागण्या पिशवीच्या ऑपरेशनसाठी असतात. पाळी महिन्यातून दोनदा येते, अंगावरून फार जातं, कंबर दुखते, म्हणून एकदाची पिशवी काढून टाकली की कटकट मिटली, असं आपण एकमेकींना सांगतोही. पण यातला बराच त्रास पिशवीचा नसतोच. तो हार्मोनच्या बिघाडाचा असतो आणि अनेकदा गोळ्यांनी बरा होतो. म्हणून या महिन्याचा धडा या विषयावर.

हार्मोन म्हणजे काय?

हार्मोन म्हणजे शरीरातले निरोपे. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी, डोक्यातली एक छोटी ग्रंथी, ओटीपोटातली दोन अंडाशयं अशा ठिकाणी ते तयार होतात आणि रक्तातून सगळ्या अंगभर जातात. भूक, झोप, वजन, हाडांची ताकद, मन आणि पाळी या सगळ्यांवर त्यांचा ताबा असतो.

पाळीचं काम दोन हार्मोन सांभाळतात. पहिलं इस्ट्रोजेन. पेरणीआधी आपण जमीन तयार करतो, तसं ते दर महिन्याला पिशवीच्या आत मऊ अस्तर तयार करतं. मग अंडाशयातून बीज बाहेर पडतं आणि दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, तयार होऊ लागतं. ते अस्तराला धरून ठेवतं, जास्त वाढू देत नाही. गर्भ राहिला नाही तर दोन्ही हार्मोन कमी होतात, अस्तर गळून पडतं, म्हणजेच पाळी येते.

बिघाड कुठे होतो?

एखाद्या महिन्यात बीज बाहेर पडलंच नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. अस्तर वाढतच राहतं. मग पाळी दोन-दोन महिने येत नाही, आणि आली की थांबत नाही. असं साधारणपणे पुढच्या कारणांनी होतं:

- पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत, आणि चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत. हा वयाचा भाग आहे.
- थायरॉईडचं काम मंदावलं तर. सोबत थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, केस गळणं, बद्धकोष्ठता असं दिसतं.
- पीसीओएस असेल तर. यात पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरुमं येतात, काहींना दिवस राहायला वेळ लागतो.

पिशवीत गाठ असणं, तांबी, काही औषधं यांमुळेही जास्त रक्त जातं. म्हणून नुसत्या अंदाजाने उपचार करून चालत नाही, तपासणी लागतेच.

अंगावर काढू नका

फार रक्त गेलं की शरीरातलं लोह कमी होतं. चढ चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, काम उरकत नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ प्रमाणे महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे. म्हणजे दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी.

खालीलपैकी काही असेल तर लगेच दवाखाना गाठा:

- पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते किंवा मोठ्या गाठी पडतात.
- तासा-दोन तासाला कपडा किंवा पॅड बदलावं लागतं.
- दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जातं.
- पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं. हे थोडंसं असलं तरी दाखवायचंच, कारण कॅन्सर नाही याची खात्री करावी लागते.

ऑपरेशनची घाई का नको?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी २०१९ मध्ये झाली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरात जवळपास १७. देशात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. खाडा झाला की दंड, पाण्याची-संडासाची सोय नाही, त्यात "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल" ही भीती. अशा कात्रीत बायकांनी निर्णय घेतले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गरज नसताना पिशवी काढली जाऊ नये यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला.

पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढली तर इस्ट्रोजेन एकदम बंद होतं. पाळी साधारण ४५ ते ५० च्या दरम्यान हळूहळू जायची, ती तिशी-पस्तिशीतच एका दिवसात जाते. मग अंगातून गरम वाफा, रात्री घाम, झोप नाही, चिडचिड, सांधे दुखणं सुरू होतं. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी काही जणींत ती वेळेआधी थकतात. ज्या कामासाठी ऑपरेशन केलं, तेच काम पुढे झेपत नाही.

याचा अर्थ ऑपरेशन कधीच नको, असा नाही. कॅन्सर, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं, किंवा औषधांनीही न थांबणारा रक्तस्राव यात ते गरजेचं ठरतं. तेव्हा घाबरून टाळूही नका. पण नुसतं पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते. आणि कॅन्सर आहे की नाही हे तुकडा काढून तपासल्यावरच ठरतं, नुसत्या सोनोग्राफीवर नाही.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

१. माझ्या त्रासाचं नेमकं कारण काय?
२. हिमोग्लोबिन, थायरॉईड, सोनोग्राफी झाली का? अस्तराचा तुकडा तपासायची गरज आहे का?
३. आधी औषध देऊन बघता येईल का? (रक्त कमी जाण्याच्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोन असलेली तांबी असे उपाय आहेत.)
४. ऑपरेशन करायचंच तर अंडाशयं ठेवणार की काढणार? का?
५. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेईपर्यंत थांबलं तर चालेल का?

हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही, आपला हक्क आहे. दुसरा सल्ला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून घेता येतो. आशाताईंना विचारा, त्या कुठे आणि कोणत्या दिवशी जायचं ते सांगतील. जाताना आधीचे सगळे कागद आणि शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा घेऊन जा.

गटाने काय करायचं?

येत्या बैठकीत हा धडा मोठ्याने वाचा. प्रत्येकीने पाळीच्या तारखा आणि किती दिवस गेलं, हे कॅलेंडरवर लिहायला सुरुवात करा. ज्यांनी वर्षभरात हिमोग्लोबिन तपासलेलं नाही, त्यांनी एक दिवस ठरवून सगळ्यांनी मिळून उपकेंद्रात जा.

आणि पिशवीच्या ऑपरेशनसाठी कुणी कर्ज मागितलं, तर तिला अडवू नका, चारचौघींत तिचा त्रासही उघडा करू नका. तिच्या विश्वासातल्या एकीने तिच्यासोबत दुसऱ्या डॉक्टरकडे जावं. तिकडच्या गाडीभाड्याला गटाने आधी शंभर-दोनशे रुपये दिले, तर कदाचित पुढचं हजारोंचं कर्जही वाचेल आणि तिची तब्येतही. ज्या ताईंचं ऑपरेशन आधीच झालं आहे, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. गरम वाफा, हाडांचं दुखणं यावरही उपचार आहेत, तेवढं दाखवून घ्यावं.