नवोदयचा अर्ज तिसरीपासून सुरू होतो

नाशिक जिल्ह्यात सरकारी, निवासी आणि परीक्षा घेऊन मुले निवडणारी शाळा म्हटली की दिंडोरी तालुक्यातल्या खेडगावच्या जवाहर नवोदय विद्यालयाचे नाव पुढे येते. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर ही योजना आली आणि पहिली दोन विद्यालये हरियाणातील झज्जर व आपल्याकडील अमरावती इथे निघाली. आज केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालील नवोदय विद्यालय समिती तमिळनाडू वगळता सगळ्या राज्यांत ती चालवते. महाराष्ट्रातील विद्यालयांचा कारभार समितीच्या पुणे विभागाकडे असतो.

केवळ गणित आणि विज्ञानासाठी काढलेली सरकारी निवासी शाळा, जशी कोल्मोगोरोव्ह या गणितज्ञाच्या पुढाकाराने १९६३मध्ये मॉस्कोत किंवा १९८०मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात निघाली, तशी ही नाही. इथे सीबीएसईचा पूर्ण अभ्यासक्रम असतो. तरीही पालक तिच्याकडे त्याच नजरेने बघतात आणि त्याला कारण आहे. सातवी-आठवीपर्यंत मातृभाषेचा आधार राहतो, पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते. जेईई-नीटच्या तयारीसाठी दक्षणा फाउंडेशनसारख्या संस्था नवोदयच्या मुलांमधून निवड करतात. शिवाय राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत. नववीपासून विद्यालय विकास निधीचे महिना ६०० रुपये भरावे लागतात, त्यातूनही मुली, अनुसूचित जाती-जमातीची, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील मुले सुटतात.

सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यांपैकी किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण मुलांसाठी. उरलेल्या २० फक्त शहरी मुलांच्या असतात असा समज नाशिक शहरात सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. त्या गुणवत्तेवर सर्वांना खुल्या असतात आणि ग्रामीण मुलेही तिथे येतात. एक तृतीयांश जागा मुलींसाठी आहेत.

इथवरची माहिती बहुतेकांना असते. क्लासमध्ये आकृत्या आणि अपूर्णांक वर्षभर घोटून घेतले जातात, पण पात्रतेच्या कागदांकडे फॉर्म सुटेपर्यंत कोणी बघत नाही. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात ज्या मुलांची संधी हुकली, त्यांतली निम्मी तरी परीक्षेच्या आधीच हुकली होती.

सगळ्यात मोठा खड्डा ग्रामीण या अटीचा. ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे, पूर्ण सत्र, ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत काढलेली असावी लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेच्या पटावर नाव असले तरी मूल शहरी धरले जाते. लेखकाच्या नात्यातील निफाड तालुक्यातला एक मुलगा असाच अडकला. वडिलांना अंबडच्या एमआयडीसीत काम मिळाले म्हणून तिसरीचे पहिले सत्र तो सिडकोतल्या शाळेत होता. दिवाळीनंतर कुटुंब गावी परतले. पुढची अडीच वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत. घरच्यांच्या लेखी तो पक्का खेड्यातला. फॉर्ममध्ये मात्र इयत्तावार शाळेचे नाव, तालुका आणि ग्रामीण की शहरी हे भरायचे असते. जनरल रजिस्टरमध्ये दाखल तारीख नोव्हेंबरची होती, आधीच्या शाळेच्या रकान्यात महापालिकेच्या हद्दीतील शाळा. मुख्याध्यापकांनी रजिस्टर पालकांसमोर फिरवले आणि त्या एका ओळीवर बोट ठेवले. अर्ज शहरी म्हणूनच गेला. पेपर चांगला जाऊनही त्या मुलाचे नाव यादीत आले नाही.

गाव कोणते आणि शहर कोणते, हेही बोलण्यावरून ठरत नाही. आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ, पाथर्डी इथे आजही द्राक्षबागा दिसतात आणि लोक ‘आमचं गाव’च म्हणतात, पण ही सगळी गावे नाशिक महापालिकेच्या हद्दीत आहेत. दिंडोरी, निफाड, कळवण, देवळा, पेठ, सुरगाणा इथे ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. शासनाच्या अधिसूचनेनुसार शाळेची जागा नोंदणीच्या वेळी कशात मोडते, ते मुख्याध्यापकांकडून किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून आधी विचारून घ्यावे. शेजारच्याच्या मुलाला मिळाले होते, हा पुरावा धरू नये.

दुसरी अट जिल्ह्याची. मूल ज्या जिल्ह्यात राहते त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असले पाहिजे. सिन्नरच्या कडेच्या गावांतून संगमनेरला आणि येवल्याच्या कडेच्या गावांतून कोपरगावला शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी चौथी संपतानाच विचार करावा, कारण पाचवी अहिल्यानगर जिल्ह्यात झाली की खेडगावचा मार्ग बंद होतो. सुरगाणा-पेठकडून कामासाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचीही अशीच अडचण होते. तिथे मूल आजी-आजोबांकडे ठेवून शाळा अखंड चालू ठेवणे हाच खरा उपाय.

वयाच्या अटीत कोणालाही सूट नाही. २०२६मध्ये सहावीत जाणाऱ्यांसाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या दरम्यानचा हवा होता. दरवर्षी या तारखा वर्षभराने पुढे सरकतात. दाखल करताना शाळेत अंदाजाने लिहिलेली जन्मतारीख, आधारवरची वेगळी आणि ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावरची तिसरीच, हा प्रकार अजूनही दिसतो. तो पाचवीत निस्तरायला गेले की महिने जातात.

जातीच्या दाखल्याबाबत एक बारकावा. नवोदयमध्ये इतर मागासवर्गाचे आरक्षण केंद्राच्या यादीप्रमाणे आहे. राज्यात भटक्या जमातींत मोडणारे धनगर आणि वंजारी केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात येतात, म्हणून राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे पुरत नाही. केंद्राच्या नमुन्यातला दाखला प्रांत कार्यालयातून वेळेत काढून ठेवावा. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘सेंट्रलचा’ असे स्पष्ट सांगावे.

अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क असतो. सायबरवाला भरायचे पैसे घेतो, ती त्याची मजुरी. ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का, मुलाची आणि पालकाची सही, फोटो, एवढे स्कॅन करून चढवायचे असते. सबमिट करण्याआधी मुलाला शेजारी बसवून प्रत्येक रकाना वाचावा. पुढे दुरुस्तीची खिडकी उघडते, पण तीत लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेचे माध्यम एवढेच बदलता येते. माध्यम मराठी हवे असताना भलतेच निवडले गेले तर हीच शेवटची संधी.

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात बौद्धिक क्षमतेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण, चुकीला वजाबाकी नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. बौद्धिक क्षमतेचे सगळे प्रश्न आकृत्यांचे असतात: वेगळी आकृती, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, वगैरे. भाषेत चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. सराव घेताना मुलाच्या हातात पहिल्यापासून बॉलपेन द्यावे. ओएमआरवर पेन्सिल चालत नाही आणि एकदा काळा केलेला गोल बदलता येत नाही. खोडरबरची सवय लागलेले मूल इथे गडबडते. मूल परीक्षेला एकदाच बसू शकते, सहावीसाठी दुसरी संधी नाही. म्हणून ‘यंदा अनुभव म्हणून बसू दे’ असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नये.

निकालात नाव आले म्हणजे प्रवेश झाला असे नाही. निवड तात्पुरती असते आणि कागदपत्रांच्या पडताळणीनंतरच पक्की होते. वर सांगितलेल्या चुका बऱ्याचदा इथेच उघड होतात, आणि तोवर घरात पेढे वाटून झालेले असतात.

प्रवेश घेण्याआधी घरात बोलायची गोष्ट वेगळीच आहे. नववीत सुमारे ३० टक्के मुलांना एक वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील नवोदयमध्ये पाठवले जाते, म्हणजे खेडगावचे मूल हिंदी मुलखात जाऊ शकते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे आधी सांगितलेले बरे. आईलाही.

सहावीला जमले नाही तर नववी आणि अकरावीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी परीक्षा होते. नववीची परीक्षा अडीच तासांची असून तीत गणिताला ३५, विज्ञानाला ३५, हिंदी व इंग्रजीला प्रत्येकी १५ गुण असतात. त्यासाठी आठवी त्याच जिल्ह्यात चालू असावी लागते. जागा मोजक्याच असतात आणि दरवर्षी किती निघतील याचा भरवसा नसतो, त्यामुळे दहावीनंतर विज्ञानाला जाऊ इच्छिणाऱ्या मुलाने अकरावीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवतानाच जवळच्या महाविद्यालयाचा अर्जही भरून ठेवावा.