आधी फर्स्ट पीस, मग लॉट

“पोरगा दिवसभर एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट करतो. याला करिअर म्हणायचं का?” पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत शिफ्टा केलेल्या पालकांना ही शंका येणारच. नुसतं कॉपी-पेस्टच असेल, तर नाही म्हणायचं.

पण काम नीट समजून घ्या. भोसरी किंवा चाकणच्या पुरवठादाराकडे बोल्ट, बेअरिंग, ब्रेक शू असे हजारो आयटम असतात. ऑनलाइन दुकानात ते एकेक भरत कोण बसणार? म्हणून सगळा माल शीटमध्ये मांडून, सीएसव्ही फाइल करून वूकॉमर्स किंवा शॉपिफायवर एकदम चढवतात. कस लागतो तो त्याआधी.

समजा, पार्ट नंबर आहे 12-10. एक्सेल त्याला तारीख समजतं आणि 12 ऑक्टोबर करून टाकतं. मागाहून फॉरमॅट बदलला, तर भलताच पाच आकडी नंबर दिसतो. 00718 मधली पुढची शून्यं गळतात. म्हणून कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मगच भरायचा. सीएसव्हीही डबल-क्लिकने न उघडता ‘डेटा’ मेनूतून आत घ्यायची. एक्सेलच्या याच खोडीपायी शास्त्रज्ञांना मानवी जनुकांची नावं बदलावी लागली. 2020 मध्ये त्याचे नियमही आले. ‘सेप्ट1’चं ‘सेप्टिन1’ झालं ते त्यामुळेच.

दुसरी मेख जीएसटी बिलावरच्या एचएसएन कोडची. चारचाकीचा ब्रेक शू 8708 मध्ये, दुचाकीचा 8714 मध्ये. कोड चुकला की बिल चुकलं. तिसरी मेख साइजची. एम8 बोल्ट 25 मिलिमीटरचा आणि 40 मिलिमीटरचा म्हणजे एकाच प्रॉडक्टच्या दोन ओळी. पार्ट हाताळलेल्या आयटीआय-डिप्लोमाच्या मुलाला हे चटकन कळतं, बी.कॉम.वाल्याला जीएसटी कळतो. दोघांनाही इथे जागा आहे.

महागड्या क्लासची घाई नको. वूकॉमर्स मोफत आहे. ट्रिम, एक्सलुकअप, डुप्लिकेट शोधणं एवढं शिका. ओळखीच्या हार्डवेअर दुकानातले 50 आयटम मांडा. मूळ फाइल जपून ठेवा आणि आधी पाचच ओळी चढवून फोटो, किंमत, साइज तपासा. मुलाखतीला हीच शीट दाखवा. पुढे कॅटलॉग सांभाळणं, कंपनीच्या ईआरपीतला मटेरियल मास्टर, अशा वाटा निघतात.

आणि पालकहो, त्या पाच ओळी म्हणजे तुमचा फर्स्ट पीस. तो पास झाल्याशिवाय लॉट चालवायचा नाही, हे घरात तुमच्याइतकं ठणकावून कोण सांगणार?