रात्रीचे भिंग

बाळू नऊ वर्षांचा. फळ्यावरचे अक्षर त्याला दिसेना. डोळे बारीक करून बघे. वहीत भलतेच उतरवी. आबा चिडले. म्हणाले, “पोराचं ध्यान न्हाई. शाळा पुरे. गुरं राखंल.”

गुरुजी म्हणाले, “आबा, घाई नको. आधी त्याचे डोळे तपासून आणा.”

आबा त्याला तालुक्याला घेऊन गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले. ते म्हणाले, “आबा, पोरगा आळशी नाही. त्याच्या डोळ्याचा गोळा जरा लांबट वाढला आहे. म्हणून जवळचे दिसते, लांबचे पुसट दिसते. चष्म्याने फळा दिसेल. पण वाढत्या वयात डोळा आणखी लांबतो. नंबर वाढत जातो. फार वाढला तर पुढे नजरेला धोका असतो.”

“मग ही वाढ थांबवायची कशी?”

“थांबत नाही, पण मंदावते. त्यासाठी रात्रीचे भिंग असते. ते बारीक आणि टणक असते. झोपताना डोळ्यात बसवायचे, सकाळी काढायचे. रात्रीतून ते बुबुळाचा पुढचा भाग किंचित सपाट करते. मग दिवसा चष्म्यावाचून दिसते. भिंग सोडले, की काही दिवसांनी नंबर परत येतो. हाँगकाँगला ६ ते १० वर्षांच्या मुलांवर २ वर्षे अभ्यास झाला. २०१२ साली तो छापून आला. चष्म्याच्या मुलांचा डोळा १०० भाग लांबला, तर भिंगाच्या मुलांचा ५७ भागच लांबला.”

“मंग ह्येच द्या की!”

“ऐका. भिंग महाग आहे. त्याची निगा रोज ठेवावी लागते. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. भिंग त्याच्या औषधानेच धुवायचे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी लावायचे नाही. थुंकी तर मुळीच नाही. जंतू गेले तर बुबुळाला जखम होते, फूल पडते. नजरही जाते. डोळा लाल झाला, दुखला, तर भिंग काढून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.”

आबा विचारात पडले. म्हणाले, “एवढी निगा आत्ता आमच्यानं व्हायची न्हाई.”

“मग चष्मा घ्या. त्यात कमीपणा नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. आणि धाकटीला रोज दोन तास उजेडात, मोकळ्यावर खेळू द्या. अशा मुलांना हा दोष कमी जडतो.”

दुसऱ्या दिवशी बाळूने फळा घडाघडा वाचला. गुरं राखायची गोष्ट आबांनी पुन्हा काढली नाही.

ध्यानात ठेवा : मूल फळा वाचत नसेल, तर रागावू नका. आधी डोळे तपासा.

प्रश्न
१. बाळूला फळा का दिसत नव्हता?
२. रात्रीचे भिंग कशाने धुवावे? कशाने धुवू नये?
३. तुमच्या घरातल्या मुलांचे डोळे कधी तपासले आहेत?