पराजयानंतर वारकऱ्याने कसे वागावे?

सज्जनहो, लोकसभेची निवडणूक संपते, गुलाल उधळला जातो, आणि ज्याचा पक्ष हरला त्याच्या घरी मात्र सुतक पडल्यासारखे होते. धड जेवण नाही, कुणाशी बोलणे नाही. विचारले तर म्हणतो, "आता कशातच राम उरला नाही." अशा माणसाला हसू नये. ज्याने आपल्या मतासाठी उन्हातान्हात खेटे घातले, त्याला वाईट वाटणारच. दुःख होणे हा दोष नव्हे. त्या दुःखाच्या पोटी जो द्वेष जन्मतो, तो दोष. त्याचाच आज आपण विचार करू.

प्रथम हा जय-पराजय टिकतो किती दिवस, ते पाहावे. 1977 साली इंदिरा गांधींचा पक्ष हरला आणि त्या स्वतः रायबरेलीत पडल्या. 1980 साली त्याच पुन्हा पंतप्रधान झाल्या. 1984 साली भारतीय जनता पक्षाचे अवघे 2 खासदार निवडून आले, अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरला पडले. 1996 साली तेच पंतप्रधान झाले, आणि 2004 साली त्यांचेही सरकार गेले. आपल्या महाराष्ट्राचेच घ्या ना. 2024 च्या जूनमध्ये राज्यातल्या 48 जागांपैकी 30 महाविकास आघाडीने जिंकल्या, महायुतीला 17 मिळाल्या. दिल्लीत मात्र महायुतीच्या बाजूचेच सरकार आले. मग हसावे कोणी आणि रडावे कोणी? पुढे नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल लागला तो अगदी उलटा. मध्ये एक आषाढी आणि एक कार्तिकी, एवढेच काय ते अंतर!

दुसरे असे की, हरल्याने काम संपत नाही. 1952 साली पहिल्या लोकसभेच्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत पराभूत झाले. राज्यघटनेच्या मसुद्यासाठी ज्यांनी देह झिजविला, त्यांनाही ही वेळ आली. पण त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले आणि आपले म्हणणे मांडीत राहिले. खुर्ची गेली म्हणून त्यांनी काम टाकले नाही.

कुणी म्हणेल, "अहो, पण निकालच खोटा असेल तर?" त्यालाही कायद्यात वाट आहे. निकालापासून 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. पुरावा असेल तर तिकडे जावे. पुरावा नसता पारावर बसून शेजाऱ्याला चोर ठरवू नये.

आम्हाला खरी धास्ती वेगळीच वाटते. निकालानंतर गावात पखवाजवाला भजनाला येईनासा होतो. का, तर वीणा ज्याच्या गळ्यात तो दुसऱ्या पक्षाचा! भाऊ भावाच्या बांधावरून जात नाही. खासदार पाच वर्षांनी बदलेल. मोडलेले भजन पाच वर्षांनी जुळेलच असे नाही. आपण वारकरी भेटलो की एकमेकांच्या पाया पडतो. त्या वेळी कुणी विचारतो का, "माउली, मत कुणाला दिलेत?"

तेव्हा हरलेल्याने एवढे करावे. दोन दिवस वर्तमानपत्र आणि मोबाइल बाजूला ठेवावा, पण नित्याचा हरिपाठ चुकवू नये. मत देणाऱ्यांना मूर्ख म्हणू नये. त्यांतले निम्मे आपलेच सोयरे असतात. ज्या कामासाठी मत दिले, मग ती शाळेची गळकी खोली असो की पाण्याची टाकी, ते काम घेऊन निवडून आलेल्याकडेच जावे. तो आता आपलाही खासदार आहे. आणि जिंकलेल्यानेही हरलेल्याच्या दारात फटाके लावू नयेत. आपण होऊन त्याला भजनाला बोलवावे.

येत्या एकादशीला ज्याच्याशी अबोला धरला आहे त्याच्याच शेजारी उभे राहून टाळ वाजवा, एवढीच आमची विनंती. मन हलके होते की नाही, ते ज्याचे त्याने पाहावे.

रामकृष्ण हरि!