टायरची जन्मतारीख

दुकानात ब्रेड घेताना आपण पुडा उलटा करून तारीख बघतो. मेसमधलं दही जरा आंबट लागलं तरी मेसवाल्या काकांशी हुज्जत घालतो. पण ज्या दोन टायरांच्या भरवशावर आपण हायवेला गाडी काढतो, त्यांची तारीख किती जणांनी बघितली आहे? मी तरी बघितली नव्हती. तारीख असते हेच मला माहीत नव्हतं, म्हणून हा लेख.

जून 2024 मध्ये बाबांची जुनी मोटरसायकल मी होस्टेलवर आणली. मागचा टायर गुळगुळीत झाला होता. एका दुकानात गेलो. बाहेर उन्हात टांगलेल्या टायरांमधून दुकानदाराने एक काढून दिला. काळा कुळकुळीत, नक्षी पूर्ण, आणि बाकीच्यांपेक्षा 300 रुपयांनी स्वस्त! मी खूश. वाचलेल्या पैशांत रूममेटला मिसळ खाऊ घातली.

दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही दोघं त्याच गाडीवरून परत येत होतो. मागे दोन बॅगा आणि फराळाचे डबे. हायवेवर मागचं चाक अचानक डोलायला लागलं आणि काही कळायच्या आत गाडी आडवी. माझं खरचटण्यावर निभावलं. रूममेटचं कॉलरबोन मोडलं आणि त्या सेमिस्टरची त्याची प्रॅक्टिकल्स हुकली.

फुटलेला टायर मी वर्कशॉपच्या सरांना दाखवला. त्यांनी टायरची बाजू अंगठ्याने वाकवली, तशा केसासारख्या बारीक भेगा उघड्या पडल्या. मग त्यांनी एका छोट्याशा लंबगोलातल्या चार आकड्यांवर बोट ठेवलं : 2319. म्हणाले, "वाच." मला वाचता येईना. मेकॅनिकलची दोन वर्षं झाली होती!

वाचायला एकदम सोपं आहे. पहिले दोन आकडे म्हणजे वर्षातला आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, म्हणजेच जून. मी 'नवा' म्हणून घेतलेला टायर घेतला त्या दिवशीच 5 वर्षांचा होता. काही टायरांवर 'डीओटी' या अक्षरांपासून सुरू होणारी लांब ओळ असते, तिचेही शेवटचे चार आकडे हेच. ही तारीख बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते, म्हणून दोन्ही बाजू बघायच्या. आणि तीनच आकडे दिसले तर तो टायर 2000 सालाच्या आधीचा. तो कुंपणाला किंवा झोक्याला वापरा, गाडीला नको.

आता कुणी म्हणेल, टायर नुसता टांगलेला होता, मग झिजला कसा? झिजला नाही, म्हातारा झाला. रबराच्या लांब साखळ्यांमध्ये डबल बाँड असतात. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्यांच्यावर हल्ला करतात. साखळ्या तुटतात, रबराची लवचिकता जाते आणि ताण पडेल तिथे भेगा पडतात. हे टाळायला कंपन्या रबरात मेण आणि काही रसायनं घालतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन थर धरतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, त्यामुळे हा थर ताजा होत राहतो. पडून असलेल्या टायरला हे भाग्य नाही. त्यात ऊन. तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतला ठोकताळा इथेही लागू पडतो.

प्रामाणिकपणे सांगतो, सगळं खापर वयावर फोडता येणार नाही. निघताना मी हवा तपासली नव्हती आणि गाडीवर ओझंही जास्त होतं. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. पण तरुण टायरने कदाचित जे सहन केलं असतं, ते भेगाळलेल्या टायरने केलं नाही.

हा विषय फक्त आपल्या फटफटीपुरता नाही. 2012 साली इंग्लंडमध्ये एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा जीव गेला. तो टायर 19 वर्षांचा होता. नक्षी मात्र शिल्लक होती! पुढे 1 फेब्रुवारी 2021 पासून ब्रिटनमध्ये बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना 10 वर्षांपेक्षा जुने टायर लावायला बंदी आली. मिशेलिन कंपनीचाही सल्ला आहे की, वापराच्या 5 वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि तयार होऊन 10 वर्षं झाली की, दिसायला चांगला असला तरी बदला. स्टाफमधल्या कारवाल्यांनी स्टेपनीसुद्धा बघावी. ती रस्त्याला लागत नाही, पण वय तिचंही वाढतं.

टायर घ्यायला जाताना एवढं करा :

1. टायर रिमवर चढवायच्या आधी हातात घ्या आणि चार आकडे वाचा. काही महिन्यांचा असेल तर दुकानदाराशी वाद घालू नका, ते चालतं. मी स्वतः एक वर्षापेक्षा जुना घेत नाही.

2. बाजू वाकवून भेगा बघा. पॉलिशच्या चकाकीवर जाऊ नका.

3. टायर उन्हात टांगलेले की आत सावलीत ठेवलेले, तेही बघा.

4. पक्कं बिल घ्या आणि त्यावर ते चार आकडे लिहून मागा. दुकानदार का-कू करायला लागला तर दुसरं दुकान गाठा.

5. बसवताना बाण असेल तर तो चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते पाहा.

रूममेटचं हाड जुळलं, प्रॅक्टिकल्सही त्याने नंतर दिली. त्याची आई मला एका शब्दानेही बोलली नाही, तेच जास्त लागतं. 300 रुपये वाचवले होते मी.

आज जेवण झाल्यावर मोबाईलचा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. आपल्या गाडीचे आकडे वाचा, शेजारच्या गाडीचेही वाचा. आणि आकडे फार जुने निघाले, तर त्या गाडीवाल्याला सुट्टीला निघायच्या आधी सांगा.