संघ कोणाचा? : पुणेरी पलटणच्या निमित्ताने

व्यावसायिक संघाच्या नावात एखाद्या शहराचे नाव असले म्हणजे तो संघ त्या शहराचा होतो काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु 'पुणेरी पलटण' या कबड्डी संघाचा इतिहास अभ्यासताना हाच प्रश्न पुनःपुन्हा माझ्यापुढे उभा राहिला, आणि त्याच्या उत्तरासाठी थेट अमेरिकेतील एका फुटबॉल संघापर्यंत जावे लागले. त्या शोधाचा हा अल्पसा आढावा.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण शाळेत खेळतो तो फुटबॉल नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे असते आणि प्रतिपक्षाने पळणाऱ्याला धरून खाली पाडायचे असते. कबड्डीतील पकड ज्याला कळते, त्याला या खेळाचे मर्म समजण्यास अडचण पडू नये. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या गावी १९१९ साली कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून या दोघांनी असा एक संघ उभा केला. मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने गणवेशासाठी पैसे दिले, म्हणून नाव पडले 'पॅकर्स'. पुढे संघ कर्जात बुडाला. तेव्हा ग्रीन बे जेमतेम तीस-बत्तीस हजार वस्तीचे होते. १९२३ साली गावकऱ्यांनी पाच-पाच डॉलरचे भाग घेऊन संघ विकत घेतला, आणि आजही तो भागधारकांच्याच मालकीचा आहे. या भागांवर लाभांश मिळत नाही, नफ्यासाठी ते विकताही येत नाहीत. आपल्याकडील सहकारी साखर कारखान्याचा सभासद निदान उसाच्या भावाची अपेक्षा ठेवतो; पॅकर्सचा सभासद तेवढीही ठेवत नाही! तरीही बीड शहराहून लहान असलेल्या या गावाने तेरा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आहे.

हाच खेळ आपल्याकडे आणण्याचा प्रयत्न २०१२ मध्ये झाला. 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' या स्पर्धेत 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता आणि पहिले विजेतेपद त्यानेच पटकावले. नाव मराठ्यांचे, विजयही झाला; पण खेळ आपल्या मातीत रुजला नाही. शाळेच्या मैदानावर तो कोणी खेळत नव्हते, गल्लीतील पोरांना त्याचे नियम ठाऊक नव्हते. वरून लावलेले रोप पाण्याअभावी वाळावे, तसे त्याचे झाले.

कबड्डीची गोष्ट निराळी. हुतुतूला नियमांची चौकट देण्याचे काम महाराष्ट्रातच झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक जगाला दाखविले. बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी उभी हयात त्यासाठी वेचली. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला. एवढी मशागत झाल्यावर २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तिच्या आठ संघांपैकी एक पुणेरी पलटण.

आरंभ मात्र निराशाजनक होता. पहिल्या दोन्ही हंगामांत पलटण तळाशी राहिली. २०१६ मध्ये झालेल्या दोन हंगामांत तिने तिसरा क्रमांक मिळविला, तरी विजेतेपद दूरच होते. पुढे संघाने तरुण खेळाडू घडविण्यावर भर दिला. २०२१-२२ च्या हंगामात नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत या नवख्या जोडीने सर्वांचे लक्ष वेधून घेतले. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईतील अंतिम सामन्यात जयपूरने पलटणला ३३-२९ असे हरविले. पुढच्या हंगामात प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली आणि अस्लमच्या नेतृत्वाखाली हा संघ साखळीतील २२ सामन्यांपैकी केवळ दोन हरला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून पुण्याने प्रथमच करंडक जिंकला. पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले, तो त्या सामन्याचा निर्णायक क्षण होता. हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला अस्लम.

यश टिकविणे किती कठीण असते तेही लगेच दिसले. पुढच्या हंगामात पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. २०२५ मध्ये ती पुन्हा अंतिम सामन्यात आली आणि दिल्लीकडून २८-३१ अशी थोडक्यात हरली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पलटण खाजगी मालकीची आहे. पुणेकरांचा तिच्यात एक पैशाचाही भाग नाही. विजयी चमूत नाशिकचा आकाश शिंदे होता, तसाच २ कोटी ३५ लाखांना घेतलेला इराणचा शादलुईही होता. लिलावात खेळाडू आज इकडे तर उद्या तिकडे जातो. म्हणजे कागदोपत्री पाहिल्यास ग्रीन बेचे लोक मालक आणि आपण केवळ प्रेक्षक. परंतु माझ्या मते मालकी दोन प्रकारची असते. एक भागभांडवलाची, दुसरी घडणीची. ज्या मातीत खेळाडू घडतो, त्या मातीचाही संघावर हक्क असतो. मात्र तो हक्क नुसत्या टाळ्यांनी मिळत नाही, मैदान राखूनच मिळवावा लागतो.

इथेच आमच्या चकलांब्यासारख्या गावाचा संबंध येतो. आमच्या गेवराई तालुक्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. अंगापिंडाने काटक, चपळ असा मुलगा नेमका सरावाच्या दिवसांत फडावर असतो. जो मागे राहतो, तो मातीत खेळतो. व्यावसायिक कबड्डी मात्र मॅटवर, बूट घालून खेळली जाते. मातीवर रोवलेला पाय आणि मॅटवरचा पाय यांत फरक आहे, आणि निवड चाचणीत तोच फरक खेड्यातल्या मुलाला नडतो. गुण कमी म्हणून नव्हे, सवय नाही म्हणून तो मागे पडतो.

ग्रीन बेच्या लोकांनी पाच डॉलर काढले ते संघ आपल्या हातून जाऊ नये म्हणून. आपल्याला संघ विकत घ्यायचा नाही. तालुक्यास एक मॅट, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावातच राहण्या-जेवणाची सोय, आणि सायंकाळी दोन तास शिकविणारा एक जुना खेळाडू, एवढे जरी लोकवर्गणीतून आणि महाविद्यालयांच्या पुढाकारातून साधले, तरी उद्याच्या पलटणीत आपलाही वाटा राहील. मग 'संघ कोणाचा?' या प्रश्नाला 'आमचाही' असे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.