नवा प्रोसेसर, जुना प्रोसेसर : तुलनेची कसोटी कोणती?

आमच्या संगणक कक्षाच्या संदर्भात दोन प्रश्न आम्हांला नेहमी विचारले जातात. माजी विद्यार्थी आपुलकीने विचारतात, "सर, आमच्या कार्यालयातले जुने संगणक निघत आहेत, मुलांसाठी पाठवू का?" पालक काळजीने विचारतात, "या जुन्या यंत्रांवर आमची लेकरे काय शिकणार?" पहिल्या प्रश्नात 'जुने चालेल' हे गृहीत धरलेले असते, तर दुसऱ्यात 'नवे तेच चांगले' हे. कोणी सांगितले म्हणून किंवा रूढ आहे म्हणून काहीही मानू नये, स्वतः तपासून घ्यावे, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. तीच दृष्टी ठेवून या प्रश्नांचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

आकड्याचा भ्रम

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा गणिती मेंदू. इंटेल कंपनीच्या १९७१ मधील ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ च्या पेंटियममध्ये ते ३१ लाखांवर गेले. प्रोसेसरचे काम एका ठरावीक ठोक्यावर चालते. सेकंदाला एक अब्ज ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. जाहिरातींनी हाच आकडा मोठ्या अक्षरांत छापला आणि जितके गिगाहर्ट्झ अधिक तितका संगणक वेगवान, अशी समजूत घरोघरी रुजली.

या समजुतीला इतिहासानेच छेद दिला. २००४ साली पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. २००६ साली आलेल्या कोअर २ ड्युओ मालिकेतील एक साधा प्रोसेसर अवघ्या १.८६ गिगाहर्ट्झचा होता. तरीही बहुतेक कामांत तो ३ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला मागे टाकत असे, आणि वीजही कमी घेत असे. असे का घडले?

हे समजण्यासाठी आपल्या एकोडीच्या बांधीत जाऊ या. रोवणी करणाऱ्या दोघीजणी आहेत. एकीचा हात भराभर चालतो. पण तिची ओळ वारंवार वाकडी जाते आणि लावलेले पऱ्हे उपटून पुन्हा लावावे लागतात. दुसरीचा हात सावकाश, पण लावलेले पुन्हा उपटावे लागत नाही. संध्याकाळी जास्त बांधी कोणाची रोवून होईल? पेंटियम ४ मध्ये एकेका सूचनेचे काम वीस ते एकतीस टप्प्यांत विभागलेले होते. पुढे काय करायचे याचा अंदाज बांधूनच प्रोसेसर कामाला लागतो. तो अंदाज चुकला, की अर्धवट झालेली सारी कामे टाकून द्यावी लागत. टप्पे जितके जास्त, तितके नुकसान मोठे. कोअर २ मध्ये टप्पे चौदाच होते आणि प्रत्येक ठोक्याला होणारे काम अधिक होते. म्हणून हात किती वेळा हलला हे मोजू नये, रोवणी किती झाली हे मोजावे.

ठोके थांबले, हात वाढले

ठोके वाढवावेत तसतशी उष्णता वाढते. २००४ च्या सुमारास ही उष्णता आवरणे कठीण झाले आणि ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना कंपनीला सोडून द्यावी लागली. २००५ पासून एकाच चिपवर दोन गणिती गाभे असलेले घरगुती प्रोसेसर बाजारात आले. पुढे चार, आठ झाले. म्हणजे एकीला पळवण्याऐवजी बांधीत चौघी उतरवल्या. परंतु प्रत्येक काम असे वाटून देता येत नाही. चिखलणीच झाली नसेल, तर दहाजणी आल्या तरी धुऱ्यावर बसूनच राहतील.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोवणारी कितीही चपळ असली, तरी पऱ्ह्यांच्या जुड्या आणून देणारा संथ असेल तर तिला उभेच राहावे लागते. संगणकात जुड्या पुरवण्याचे काम मेमरी आणि डिस्क करतात. जुना संगणक रखडतो तेव्हा दोष अनेकदा प्रोसेसरचा नसून फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवून मेमरी वाढवली, तर तेच यंत्र लेखन-वाचनाच्या कामाला पुन्हा उभे राहते.

सर्वांना एकच प्रश्नपत्रिका

मग न्याय्य तुलना कशी करावी? शिक्षकाला याचे उत्तर ठाऊक असते : सर्वांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी. १९९३ पासून जगातील ५०० सर्वांत वेगवान संगणकांची यादी याच तत्त्वावर होते. लिनपॅक नावाच्या चाचणीत समीकरणांचा एक प्रचंड संच प्रत्येकाला सोडवावा लागतो. नोव्हेंबर २००७ च्या यादीत पुण्यातील 'एका' हा टाटा समूहाचा महासंगणक जगात चौथा आला होता.

पुण्यातीलच सी-डॅकची कथाही बोधप्रद आहे. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ साली ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे एक अब्ज गणिते होती. २०१३ च्या 'परम युवा २' ने सेकंदाला पाच लाख अब्ज गणितांचा टप्पा ओलांडला. आज खिशातला मोबाईलही परम ८००० च्या पुढे आहे. तरी त्या जुन्या यंत्राचे मोल उणे होत नाही; त्याच्या काळातले काम त्याने केले.

आपल्या संगणक कक्षापुरते

आता मूळ प्रश्नांकडे येऊ. मराठी टंकलेखन, हिशेबाचे तक्ते आणि प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक धडे यांसाठी दहा-बारा वर्षांपूर्वीचा चांगला प्रोसेसर पुरेसा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारणतः २०१८ च्या आधीच्या प्रोसेसरवर बसत नाही. परंतु अशा यंत्रांवर लिनक्स उत्तम चालते. मात्र चित्रफितींचे संपादन, अभियांत्रिकी आराखडे, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग यांसाठी जुने यंत्र देणे म्हणजे मुलाला शर्यतीत उतरवून त्याचे पाय बांधण्यासारखे आहे.

येथे आमचा आग्रह स्पष्ट आहे. दुसऱ्याने वापरून टाकलेले कपडे, उरलेले अन्न हा आपला 'वाटा' आहे, असे आपल्या पूर्वजांना शतकानुशतके सांगितले गेले. तो वाटा नाकारून आपण माणूस म्हणून उभे राहिलो. म्हणून वसतिगृहातील मुलासाठी 'एवढे चालेल' ही भाषा आम्हांला मान्य नाही. त्याच वेळी, केवळ जुने आहे म्हणून कामाचे यंत्र फेकणे हाही विवेक नव्हे. देणाऱ्याची दया किंवा विकणाऱ्याची जाहिरात ही आपली कसोटी नसावी. मुलाला करावयाचे काम हीच कसोटी असावी.

तेव्हा आमची विनंती अशी : संगणक पाठविण्यापूर्वी आपल्या मुलीला शाळेत जे काम करावे लागते, ते त्यावर करून पाहा. फाइल उघडा, तक्ता मांडा, प्रोग्रॅम चालवा आणि घड्याळ लावून वेळ मोजा. तो आपल्या मुलीच्या टेबलावर ठेवावा असे वाटले, तर आनंदाने पाठवा. तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे : या आणि स्वतः पाहा. यंत्राच्या बाबतीतही याहून चांगली कसोटी आम्हांला ठाऊक नाही.